हिरव्या गोधडीखाली

"मॅडम, पाणी फार घालता तुम्ही." लॉन पहिल्यांदा पिवळं पडलं तेव्हा ते लावून देणारा म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस, तिथेच उभा राहून, चपलेनं गवत खुरडत म्हणाला, "पाणी कमी पडतंय." दोन्ही वेळा मी मान डोलावली. राग त्याचा कमी, माझाच जास्त येतो. परभणीकडच्या शेतकऱ्याची मुलगी मी!

नाशिकचं रो-हाउस, पुढे चारशे फूट मोकळी जागा, मुलाचा हट्ट. मेक्सिकन लॉनच्या चटया आल्या, ट्रॉलीभर लाल माती आली, संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार. मग पिवळं पडलं की युरिया. चार दिवस तरारायचं, पुन्हा फिकट. युरियावर किती गेले, ते घरात अजून सांगितलेलं नाही.

एकदा वैतागून चटईचा कोपरा ओढला, तर गोधडीसारखी हातात आली. मुळं जेमतेम दोन बोटं. खाली पहार मारली, खणकन वाजली. विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटच्या मालाचे गोळे. बांधकामाचा राडारोडा तसाच सपाट करून वर लाल माती पावडरसारखी फासली होती. एका गोळ्यावर लिंबू पिळलं, तर फसफसलं. चुना! यात मी पाणी कमी घालू की जास्त?

मग माती तपासून घेतली. पाच-सहा ठिकाणची माती घमेल्यात कालवायची, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. माझे वडील, अण्णा, हे दर दोन-तीन वर्षांनी करायचे. सामू निघाला 8.6, सेंद्रिय कर्ब 0.28 टक्के. तपासणाऱ्यानं विचारलं, "पिवळं कोणतं पडतं, जुनं पातं की कोवळं?" मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. जुनं आधी पिवळं पडलं तर नत्र कमी. कोवळं पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोह. आमचं कोवळं होतं. सामू एवढा चढला की मातीतलं लोहही मुळांना उचलता येत नाही, आणि त्यावर आमचं बोअरचं जड पाणी.

वीतभर राडारोडा काढला, गाळाची माती आणि शेणखत घातलं, लोहासाठी हिराकस फवारला. शेणखत पुरतं कुजलेलं बघून घ्या. आमच्या खताबरोबर लव्हाळा आला, तो अजून जात नाही. आणि लॉन लावणाऱ्याला पैसे देण्याआधी पहार मारून बघा, त्याच्यादेखत.

दिवाळीला अण्णा आले. नव्या लॉनकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. कुंपणाशी काढून टाकलेल्या राडारोड्याच्या ढिगावर हरळी माजली होती, पाणी नाही, खत नाही, नुसती हिरवीगार. ते थेट तिकडे गेले. जन्मभर शेतातली हरळी खणत आलेला माणूस. "राहू द्या अण्णा, पुढच्या वेळी हीच लावते," असं मी म्हणेपर्यंत त्यांनी निम्मी उपटली होती.