पुस्तकात न छापलेल्या चाली

आमच्या घरातली ‘उपासनासंगीता’ची, म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकाची, प्रत माझ्यापेक्षा वयानं मोठी. आजीला ती तिच्या लग्नात मिळाली होती. पुठ्ठा केव्हाच गेलेला, शिवण आजीनं गोधडीच्या दोऱ्यानं पुन्हा घातलेली, वर खणाचं कव्हर. आजीला अक्षर जुळवून वाचता येई, पण गाण्यासाठी वाचायची तिला गरज नव्हती. पाळकसाहेबांनी क्रमांक पुकारला की सगळे पानं उलटत असतानाच ती पहिली ओळ धरायची. तरीही पुस्तक हातात असल्याशिवाय ती उपासनेला बसत नसे. शेवगावच्या आमच्या मंडळीत गाणी नावानं कुणी ओळखत नव्हतं, क्रमांकानं ओळखत. एखाद्या म्हातारीला विचारलं, तुमच्या मालकांच्या मातीला काय म्हटलं होतं, तर ती आकडा सांगायची.

गाणी वेगवेगळ्या जातीची होती. काही मिशनरी साहेबांच्या मुलखातल्या चालींवर बसवलेली, ती सरळ उभं राहून म्हणायची. काही अभंग, काही पदं, काही आरत्या. ती टाळ-ढोलकीवर, मांडी घालून. मला लहानपणी यात दोन मुलूख आहेत असं कधी वाटलं नाही. रविवारी सकाळी एक प्रकार, संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर प्रार्थना असली की दुसरा, एवढाच फरक.

शेवगाव कुठं आहे ते नकाशावर पाहावं. वायव्येला नेवासं, जिथं 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ईशान्येला पैठण, नाथांचं. या दोहोंच्या मधल्या काळ्या रानात ओवी कुणाला शिकवावी लागत नाही, ती जात्यावरच कानावर पडते. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं मोठं ठाणं होतं. या मिशनचे पहिले लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 च्या अखेरीस नगरला आले. वडाळ्याला रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक बरीच वर्षं राहिले. नांगराची, पिकांची काळजी करणारा, पाखरांचा अभ्यास करणारा हा माणूस. दूर दक्षिणेत पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ अजून आहे. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. आमच्या बाजरीच्या शिवारात फिरणाऱ्या माणसाचं नाव एका पाखरानं जपलं.

पण या भागातल्या लोकांच्या काळजापर्यंत साहेबाचं प्रवचन जितकं पोचलं नसेल तितकं कीर्तन पोचलं. नगरला कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या माणसांनी येशूचं चरित्र कीर्तनात उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मधे पदं, मागे झांज. आणि नंतर आले नारायण वामन टिळक. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढं आयुष्याची बरीच वर्षं नगर-राहुरीत गेली. टिळकांनी मंडळीला शेकड्यांनी गाणी दिली. त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आणि 1934 साली लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग आला. मराठी वाचक लक्ष्मीबाईंना साहित्यामुळे ओळखतो. आमच्या आज्यांना त्या राहुरीच्या म्हणून ठाऊक होत्या, आपल्यातल्या कुणी असाव्यात तशा. टिळकांचं गाणं सुरू झालं की आजी मांडी मोडून ताठ बसायची. ते मी पाहिलंय, म्हणून सांगते: विद्वानाची रचना अक्षर जुळवून वाचणाऱ्या बाईच्या तोंडी इतकी सहज बसलेली फार थोड्या भाषांत सापडेल.

मी शाळेत असताना मंडळीच्या पाटीवरचं नाव बदललं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथ एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, लोक तिला सी.एन.आय. म्हणू लागले. त्याआधी 1924 पासून आम्ही युनायटेड चर्चमध्ये, आणि त्याही आधी नुसते ‘अमेरिकन मिशनचे’. घरात वडीलधारे त्यावर बोलत, मंडळीच्या पंचांच्या बैठका लांबत. आजीनं एकच विचारलं, पुस्तक बदलणार का? पुस्तक बदलणार नाही म्हटल्यावर तिनं तो विषय सोडून दिला. तेव्हा मला तो अडाणीपणा वाटला. आज वाटतं, मंडळी कशानं टिकते याचा अंदाज बैठकीतल्या पुरुषांपेक्षा तिला अधिक होता.

मिरजेला वानलेस हॉस्पिटलात मी नर्सिंगला गेले तेव्हा पेटीत तळाशी तीच प्रत होती, आजीनं दिलेली. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मुलींचे तेव्हा दोनच रस्ते, शाळामास्तरीण नाहीतर सिस्टर. खोलीत माझ्याबरोबर गुंटूरची एक मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं, मी ल्यूथरन. आणि विचारलं, तू कोण? मला सांगता येईना. प्रॉटेस्टंट म्हणावं तर तीही प्रॉटेस्टंट. मी म्हटलं, शेवगावची.

ती तिच्या मंडळीबद्दल भरभरून बोले. 1706 मध्ये झिगेनबाल्ग आणि प्लुटशाव हे दोन ल्यूथरन तरुण तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले, भारतातलं पहिलं प्रॉटेस्टंट मिशन ते. गुंटूरला 1842 साली हायर नावाचे अमेरिकन ल्यूथरन पाळक आले. त्याच 1842 साली नगरला आमच्या मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं, हे मी तिला सांगितलं, कारण तेवढंच मला ठाऊक होतं. मार्टिन ल्यूथरबद्दल मी तिच्याकडूनच नीट ऐकलं. 1517 सालची विटेनबर्गची घटना शाळेच्या इतिहासात होती. पण त्यानं पवित्र शास्त्र जर्मन माणसाच्या बोलीत आणलं आणि लागलीच गाणी रचली, 1524 साली त्याच्या गाण्यांची पुस्तकं छापली गेली, हे शाळेनं शिकवलं नव्हतं. त्याच्या आधी उपासनेत गायचं ते बहुतेक गायकवृंदानं, लॅटिनमध्ये. ल्यूथरनं गाणं बाकावरच्या माणसाच्या हाती दिलं. चांभार, सुतार, दाई, सगळ्यांच्या.

एका रात्री ड्यूटी संपवून आल्यावर तिनं शेहेचाळिसाव्या स्तोत्रावरचं ल्यूथरचं ते प्रसिद्ध गाणं तेलुगूत म्हटलं. मग तिच्या पेटीतून ‘आंध्र क्रैस्तव कीर्तनलु’ निघालं. त्यातही राग-ताल, त्यातही पुरुषोत्तम चौधरींसारख्या तेलुगू कवींची कीर्तनं. मी आजीचं पुस्तक काढलं. दोन मुली, दोन पंथ, एकमेकींची लिपी वाचता येत नाही, आणि दोघींच्या पुस्तकांत देवापुढं म्हणायची गाणी आपापल्या मातीतल्या चालींत बांधलेली. त्या रात्री तिच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. मी त्या मंडळीची, जी या पुस्तकातून गाते.

या मंडळीची दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शेवगाव-पाथर्डीचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, परत यायचं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. नाताळ नेमका या मधल्या काळात. माझ्या चुलत्यांचं घर, मावशीचं घर दर वर्षी फडावर. मंडळीत नाताळाला म्हातारी माणसं, शाळेची पोरं, नोकरदार आणि पाळक-पाळकीणबाई. शहरातल्या चर्चमध्ये नाताळला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आमच्याकडे निम्मे बाक रिकामे. खरी गर्दी ईस्टरला. उपकारस्तुतीच्या उपासनेत बाजरीची पोती, तुरी, कापूस, कोंबड्या, अंडी वेदीपुढं येतात आणि मग लिलाव होतो, त्याचा हिशेबही या जाण्यायेण्यावर बसतो.

मावशी सांगायची, कारखान्याच्या तळावर कोपीसमोर, म्हणजे आपल्या झोपडीसमोर, चोवीस डिसेंबरच्या रात्री पाचटाचा जाळ करून ते गात. शेजारच्या कोपीतले वंजारी, मराठा, बौद्ध लोकही येऊन बसत. ढोलकी कुणाची तरी, टाळ कुणाचे तरी. पहाटे तीनला पुन्हा फडात जायचं, म्हणून गाणी थोडकीच. पुस्तक नसे. पुस्तक फडावर नेलं तर भिजायचं, फाटायचं. सगळं पाठ. कुणी एक ओळ विसरला तर दुसरी बाई ती उचलायची. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण मंडळी म्हणजे काय हे कुणी विचारलं तर मी या कोपीकडे बोट दाखवीन.

कागदावर मात्र आम्ही कोण, हा प्रश्न वेगळाच. आमचे पूर्वज गावाच्या वेशीबाहेरचे. 1876 ते 78 च्या आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी हा सगळा भाग भाजून काढला, त्या काळात कितीतरी वस्त्या मिशनकडे आल्या. पोटासाठी धर्म बदलला असं लोक सहज म्हणतात. पोट तर होतंच. पण पाणवठ्यावर ज्याला हात लावू दिला नाही त्याला कुणी बाकावर शेजारी बसवलं, हातात पुस्तक दिलं, त्याचं मोल पोटापेक्षा कमी नव्हतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 ला शीख आणि 1990 ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गात घेतलं. म्हणून एकाच घरात एकाच्या दाखल्यावर जुनी जात आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर ख्रिस्ती, असं आमच्या भागात आढळतं. शाळेत नाव घालताना कुणी मास्तरनं जे लिहिलं ते आयुष्यभर चिकटतं. माझ्या मामेभावानं पोरांच्या शिक्षणासाठी दाखल्यावर एक लिहिलं आणि रविवारी मंडळीत यायचं सोडलं नाही. त्याला खोटा ठरवायला माझी जीभ रेटत नाही. गावात जातीचा चटका बाप्तिस्मा पाहून कमी होत नाही, मग कायद्यानं तो का पाहावा? केंद्रानं 2022 साली न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यावर आयोग नेमला. आमची मागणी साधी आहे आणि जुनी आहे: सवलत जातीच्या चटक्यावर ठरावी, धर्मावर नाही.

आमच्याच नात्यात बौद्ध घरं आहेत, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारी कॅथलिक घरं आहेत. लग्नात तिन्ही बाजू जमतात. एकदा हळदीच्या रात्री आजी जात्यावरच्या चालीत येशूजन्माची ओवी म्हणत होती आणि माझ्या बौद्ध आत्तेसासूनं त्याच चालीत बाबासाहेबांची ओवी जोडली. दोघी बराच वेळ आळीपाळीनं गात होत्या. तेवढी सुंदर रात्र मी पुन्हा पाहिली नाही.

आजी गेली तेव्हा मी नोकरीत होते, जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतून बदल्या होत गेल्या. पुस्तक बरोबर फिरलं. निवृत्तीनंतर शेवगावला परतले तेव्हा मंडळीत कीबोर्ड आला होता, भिंतीवर पडदा आला होता. तरुण मुलं गातात, मनापासून गातात, डोळे मिटून गातात. गाणी बहुतेक हिंदी, मोबाइलवरून घेतलेली. मला त्याचा राग नाही. ल्यूथरच्या काळात त्याचीही गाणी नवीनच होती, टिळकांचीही टिळकांच्या काळात. पोरं गात आहेत हीच मोठी गोष्ट. मला दुःख दुसऱ्या कारणाचं आहे. ज्या हिंदी गाण्यात मुंबईचा, रांचीचा, दिल्लीचा पोरगा सारखाच मावतो, त्यात शेवगावचं काही उरत नाही. बाजरी नाही, ओवी नाही, फडावरची पहाट नाही.

आणि एक व्यवहाराची अडचण आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. उपासनासंगीताचे शब्द पुन्हा छापता येतात. गाण्याच्या डोक्यावर रागाचं किंवा चालीचं नाव असतं. पण ज्या मूळ पदाच्या चालीवर ते बांधलं ते पद आज कुणालाच येत नाही, मग नुसत्या नावाचं करायचं काय? आमच्या भागात तर एकाच गाण्याची नेवाशाकडे एक चाल, पाथर्डीकडे दुसरी. ही चाल पुस्तकात नाही. ती फक्त सत्तरी-ऐंशीच्या बायकांच्या गळ्यात आहे. मागच्या काही वर्षांत अशा एकेक बाईला माती देताना आम्ही तिच्या आवडीचं गाणं म्हणायला घेतलं, आणि दुसऱ्या कडव्यात अडखळलो. ती चाल फक्त तिलाच येत होती.

मी आता मोबाइल घेऊन घरोघर बसते. म्हाताऱ्या आधी लाजतात, आवाज राहिला नाही म्हणतात, मग क्रमांक सांगितला की सुरू होतात. गाण्याचा क्रमांक, गाव, गाणारीचं नाव आणि तिला ती चाल कुणाकडून मिळाली, एवढं सुरुवातीला बोलून घेते. मंडळीतल्या दोन मुलींनी आता हे काम माझ्याकडून उचललंय, त्यातली एक कीबोर्ड वाजवते. तिनं परवा आजीच्या एका अभंगाची चाल जशीच्या तशी कीबोर्डवर काढली.

शेवगाव, नेवासं, पाथर्डी, राहुरी इथल्या प्रत्येक मंडळीतल्या तरुणांना माझं हात जोडून सांगणं आहे. पुढच्या दिवाळीनंतर माणसं फडावर जायच्या आत आपापल्या आजीपुढं बसा, मोबाइल चालू करा आणि तिला एक क्रमांक सांगा.