माझं नाव स्टेपनी!

ऑफिसात मला ‘स्टेपनी’ म्हणतात. का, ते सांगतो.

दुपारचा क्लायंट कॉल होता. पलीकडे इंग्लंडातले साहेब. ‘वाटेत गाडी पंक्चर झाली, सॉरी, उशीर झाला,’ असं म्हणाले. स्मॉल टॉकच्या ट्रेनिंगला जागून मी लगेच म्हणालो, ‘होप यू हॅड अ स्टेपनी!’ पलीकडे शांतता. मग, ‘अ व्हॉट?’ इकडे कॉल म्यूट करून अख्खी टीम खो खो हसली. टीम लीडने नंतर बाजूला घेतलं. ‘अरे, स्पेअर व्हील म्हणायचं. स्टेपनी हे इंग्लिश नाही, पंक्चरवाल्यांची भाषा आहे.’

ते शेवटचं वाक्य लागलं. कारण मी पंक्चरवाल्याचाच मुलगा! शिरपूरला मुंबई-आग्रा रोडवर नानांचं दुकान आहे. बिजासन घाट उतरून आलेले ट्रक तिथे थांबतात. शाळेच्या आधी माझं इंग्लिश तिथेच झालं. जॅक, स्टेपनी, डिकी, टेम्पो. आणि ऑफिसात मी काय सांगून ठेवलं होतं? ‘फादर ऑटोमोबाईल बिझनेसमध्ये आहेत.’

त्या रात्री चिडून शोधत बसलो. आणि काय सापडलं माहितीये? पूर्वी मोटारीला जादा चाक नसायचंच. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस नावाच्या दोन भावांनी पंक्चर चाकावर अडकवायचं जादा चाक काढलं. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी! तिकडे ते लोक विसरले, आपल्या हायवेवर मात्र ते अजून फिरतंय.

मग झोप कसली लागते? डिकीसुद्धा त्यांचीच. जुन्या गाडीच्या मागच्या उघड्या सीटला इंग्रज ‘डिकी’ म्हणायचे. आता सामान ठेवायच्या जागेला ते ‘बूट’ म्हणतात. म्हणजे बॅग बुटात, आणि हसायचं आपल्याला! टेम्पो हा हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या तीनचाकीचा ब्रँड. 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली, 2005 मध्ये ती फोर्स मोटर्स झाली, तरी गावात छोटा हत्ती आला तरी ‘टेम्पो आला’ असंच म्हणतात. रिक्षा जपानी ‘जिनरिकिशा’तली, म्हणजे माणसाच्या ताकदीवर चालणारी गाडी. शब्दातला माणूस आधी गळला, नंतर गाडीपुढचाही गेला. आणि बस? लॅटिन ‘ऑम्निबस’, म्हणजे ‘सर्वांसाठी’. पुढचं डोकं गेलं, शेपूट उरलं. आपल्याकडे मात्र त्या शेपटालाही अर्थ आहे. बसमध्ये चढलं की बस!

शिवाय इंग्लिशमध्ये ‘इन द कार’, पण ‘ऑन द बस’. का? आम्ही टपावर थोडेच बसतो? तसं आपणही चारचाकी ‘गाडीत’ आणि दुचाकी ‘गाडीवर’ बसतोच म्हणा. प्रत्येक भाषेची एकेक खोड.

सकाळी नानांना फोन लावला. लानेली, डेव्हिस बंधू, सगळं एका दमात सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, ‘मंग? आम्ही चाळीस वर्षं तेच म्हणून ऱ्हायलो ना भो.’ मागे हवा भरायच्या मशीनचा आवाज येत होता. ‘ऑफिसात कोनी काही बोललं का तुला?’

‘नाही हो नाना,’ मी म्हणालो. दुसरं खोटं.

पुढच्या आठवड्यात टीममध्ये एक नवीन मुलगी आली. कँटीनमध्ये तिने सहज विचारलं, ‘तुझे बाबा काय करतात?’ टेबलावर सगळे होते. लीडही होता.

‘पंक्चर काढतात,’ मी म्हणालो. ‘शिरपूरला, आग्रा रोडवर.’

कोणी हसलं नाही. लीडने डब्यातली चटणी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, ‘स्टेपनी, मग ते ट्यूबलेसचंही काढतात का रे?’

नाव काही सुटलं नाही. आता सुटावं असं वाटतही नाही.