असू दे

"कुकर येणार नाही," असा निकाल लेकीनं दिला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुकर दोनच लिटरचा होता. बायकोचं म्हणणं, एवढासा तर आहे, असू दे. माझं स्वतःचं 'असू दे' खिशात होतं, पण त्याबद्दल पुढं सांगतो.

अटलांटाहून साधारण सहा तास गाडी हाकली की जॉर्जिया राज्याच्या आग्नेय टोकाला सेंट मेरीज नावाचं टुमदार गाव लागतं. तिथून फेरीबोटीनं पाऊण तासावर कंबरलँड बेट. लांबी साडेसतरा मैल, आणि १९७२ पासून ते राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आहे. अँड्र्यू कार्नेगीचा भाऊ थॉमस याच्या कुटुंबानं इथं वाडे बांधले. त्यातला डंजनेस नावाचा थोरला वाडा १९५९ साली जळाला. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत आणि भोवती मोकाट घोडे चरतात. बेटावर दुकान नाही, टपरी नाही, कचऱ्याचा डबासुद्धा नाही. न्याल ते खाल, उरेल ते पाठीवर परत आणाल.

मार्च महिना ठरवला, कारण उन्हाळ्यात तिथले डास माणसाला उचलून नेतील. तंबू कुठल्या जागी ठोकायचा, यावर मात्र आठवडा गेला. बोटीच्या धक्क्याजवळचा सी कॅम्प अगदीच सोपा: गार पाण्याची का होईना, अंघोळीची सोय आहे. मला हवं होतं ब्रिकहिल ब्लफ. उत्तर टोकाकडे, खाडीच्या काठावर, धक्क्यापासून साडेदहा मैल. नकाशावर ते नाव वाचूनच मी खूश झालो होतो. लेक तेरा वर्षांची आहे, पण हिशेबाला पक्की. "बाबा, साडेदहा मैल म्हणजे सतरा किलोमीटर. परतीच्या दिवशी तेवढं चालून बोट गाठायची. बोट चुकली तर?" बोट चुकली तर स्वतःच्या खर्चानं खासगी बोट बोलवायची, असं उत्तर मिळालं. आम्ही निमूटपणे हिकरी हिलवर आलो. साडेपाच मैल, म्हणजे नऊ किलोमीटर. बेटाच्या मध्यावर, ओक आणि पामेटोच्या रानात.

सगळं गणित पाण्यापाशी अडतं. लिटरला किलो, त्यात घासाघीस नाही. या मुक्कामांवर बोअरचं पाणी मिळतं, पण ते उकळून किंवा औषध घालून प्यायचं, आणि त्याला गंधकाचा वास येतो. वज्रेश्वरीच्या कुंडाची आठवण काढत प्यावं असा. म्हणून लिंबाच्या सरबताची पावडर यादीत आली. रानातल्या मुक्कामी शेकोटीला बंदी आहे, म्हणजे लाकडं पेटवून भाकरी भाजायचं माझं स्वप्नही तिथंच विझलं. उरला हाताच्या पंजाएवढा गॅसचा स्टोव्ह. त्यावर पाणी उकळतं, खिचडी शिजेपर्यंत डबी संपते.

मग सांगलीला आईला फोन लावला. ती सात वेळा आळंदी ते पंढरपूर चालली आहे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन कसं चालतात हे तिला विचारायचं नाही तर कुणाला?

"अरे, आमचं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर पडशी, तिच्यात हरिपाठ आणि पाण्याची बाटली."

पण पायांबद्दल ती जे बोलली ते कुठल्याही दुकानदारानं सांगितलं नव्हतं. नवे बूट घालून निघू नको. रात्री तळव्यांना खोबरेल चोळ. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव. टाच हुळहुळली की तिथंच थांब, पुढच्या मुक्कामाची वाट बघू नको. मग दशम्यांवर आली. "सूनबाईला सांग, पीठ दुधातच भिजव, पाण्याचा थेंब नको. तीन दिवस कुठं जात नाहीत." शिवाय पातळ पोहे. दडप्या पोह्यांना विस्तव लागतच नाही, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. कुकर त्या फोननंतरच खऱ्या अर्थानं ओट्यावर परत गेला.

वजन करायला आमच्याकडे बाथरूममधला काटा. आधी नुसतं उभं राहायचं, मग सॅक घेऊन, आणि वजाबाकी. पहिल्या खेपेला माझी सॅक भरली एकवीस किलो. दोन पुस्तकं, जास्तीची चादर, तीन विजेऱ्या, बायकोचं मोठं शाम्पू आणि माझं दाढीचं सामान बाहेर काढलं. पंधरावर आलो. मग दोन शनिवार, सॅकमध्ये बासमतीच्या पिशव्या भरून, आम्ही तिघं कॉलनीतल्या तळ्याला फेऱ्या मारत होतो. दुसऱ्या शनिवारी एका शेजाऱ्यानं गाडी थांबवून, कुठं सोडू का, असं फार हळुवारपणे विचारलं.

शेवटचा प्रश्न रॅकूनचा. तो तंबूची चेन उघडतो, डब्याचं झाकण उघडतो, म्हणून खाणं झाडाला उंच टांगायचं. लेकीला इंग्रजी माहितीपत्रकातली ती रचना समजावता समजावता माझ्या लक्षात आलं, की हे तर शिंकं! मग दोरीची गाठ कशी मारायची ते अंगणातल्या मेपलवर दहा वेळा करून पाहिलं. फांदीवरून दगड बांधलेली दोरी पलीकडे टाकताना दगड दोनदा माझ्याच खांद्यावर आला.

तिथं पोचल्यावर बहुतेक गोष्टी ठरल्याप्रमाणे झाल्या. दशम्या टिकल्या, पाय टिकले. पहिल्या रात्री शिंकंही नीट टांगलं. मध्यरात्री तंबूबाहेर कुरकुर कुरकुर आवाज आला. विजेरी लावली तर माझ्या सॅकच्या बाजूच्या खिशापाशी काळ्या मुखवट्याचा एक गृहस्थ मांडी ठोकून बसला होता. त्या खिशात सांगलीच्या भडंगाची अर्धा किलोची पिशवी होती, काट्यावरून उतरल्यावर कुणाला न सांगता सरकवलेली.

शेंगदाणे त्यानं एकूण एक संपवले. लसणीच्या पाकळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. चुरमुरे मात्र पामेटोच्या पानांखाली, वाळूत, दहा फुटांपर्यंत पसरले होते. सकाळी लेकीनं माझ्या हातात कचऱ्याची रिकामी पिशवी दिली आणि समोरच्या ओंडक्यावर चहाचा कप घेऊन बसली. मी गुडघ्यांवर बसून वेचत होतो.

"बाबा, तिकडे एक राहिला."