उसनवारी

आमच्या लहानपणी उसनवारीलाही एक शिस्त असे. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती वाटी कधी रिकामी परत जात नसे. तिन्हीसांजेनंतर विरजण मागायला जायचे नाही. आणि मागायला जाणाऱ्याला काय हवे ते ठाऊक असे. साखर संपली म्हणून साखर. आपल्याला काय हवे हे आपल्यालाच ठाऊक नसताना नुसते दारात उभे राहावे, आतून कुणी काहीतरी हातावर ठेवावे, आणि तेच नेमके हवे असलेले निघावे, असली उसनवारी मला बहात्तराव्या वर्षी कळली. आणि तीही न्यू जर्सीतल्या एका लहान गावात.

गोष्ट २०१० सालच्या उन्हाळ्यातली. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मुलाकडे गेले होते. सकाळी सात वाजता मुलगा आणि सून आपापल्या गाड्या काढून निघून जात. मग सहा वाजेपर्यंत घरात मी आणि तो भलामोठा फ्रिज. त्याची घरघर एवढाच काय तो शेजार. आठवडाभराने सुनेने आपले वाचनालयाचे कार्ड माझ्या हातात ठेवले. म्हणाली, "आई, इथून दहा मिनिटांवर आहे. एसी असतो, बसायला छान खुर्च्या आहेत." मी कार्ड घेतले, पण मनात म्हटले, म्हातारीला गुंतवून ठेवायची सोय झाली.

मराठी पुस्तक तिथे एकही नव्हते. इंग्रजी वाचता येई. नोकरीत तीस वर्षे इंग्रजी टिपणे लिहिली होती. पण दोन पानांत डोळे थकत. तशीच हिंडत हिंडत मागच्या दालनात गेले, तर तिथे भिंतभर तबकड्या. एका बाजूला गाणे, दुसऱ्या बाजूला सिनेमे. संगीताच्या कपाटावर ७८० हा आकडा पाहून बरे वाटले. आपल्याकडच्या पुष्कळ ग्रंथालयांतही दशांश पद्धतीत संगीत त्याच आकड्याखाली मांडतात. परक्या गावात ओळखीचा घरनंबर सापडावा तसे झाले.

पण एवढ्यातून निवडायचे कसे? वेष्टनावरची नावे माझ्या कानांवरून कधी गेलेली नव्हती. मग मला त्या ढकलगाडीचा शोध लागला. लोकांनी नुकत्याच परत केलेल्या वस्तू कपाटात जाण्यापूर्वी एका ढकलगाडीवर ठेवीत. कपाटातल्या तबकड्या मुक्या. ढकलगाडीवरच्या मात्र कुणीतरी काल रात्रीच ऐकलेल्या असत. आपण भाजीवाल्याकडे जशी दुसऱ्या बाईच्या पिशवीत डोकावून भाजी ठरवतो, तशी मी त्या गाडीवरून निवड करू लागले.

कधी फसतही असे. एक तबकडी लावली, तर घरात भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखे झाले. तिसऱ्या मिनिटाला बंद केली. पण उसन्या वस्तूचे हे एक सुख असते. पैसे घातलेले नसतात, म्हणून आवडून घेण्याची सक्ती नसते. आणि म्हणूनच की काय, एरवी ज्या दुकानाची पायरी आपण चढलो नसतो, तिथली वस्तू आपण निर्धास्तपणे घरी आणतो.

पाब्लो कासाल्स मला असाच मिळाला. हा स्पेनमधला चेलोवादक. तेरा वर्षांचा असताना, १८९० साली, वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या एका जुन्या दुकानात स्वरलिप्यांचे कागद चाळताना त्याला बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचनांची प्रत सापडली. त्यापूर्वी त्या रचना आहेत हेही त्याला ठाऊक नव्हते. पुढे बारा वर्षे तो त्या घरात वाजवीत राहिला, आणि मगच त्याने त्या लोकांपुढे मांडल्या. १९३६ ते १९३९ या काळात, साठी गाठल्यावर, त्याने त्या ध्वनिमुद्रित केल्या. चेलो म्हणजे आपल्या सारंगीचा धीरगंभीर थोरला भाऊ. साथीला तबला नाही, तंबोरा नाही. ऐकताना वाटले, शेजारच्या खोलीत कुणी वडीलधारे माणूस एकटेच स्वतःशी बोलते आहे, आणि आपण दाराशी थबकलो आहोत. मला त्यातले शास्त्र काही कळले नाही. पण फ्रिजची घरघर त्या दिवशी ऐकू आली नाही.

दुसऱ्या एका दिवशी अली अकबर खाँसाहेब भेटले. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे सरोदवादन मुद्रित झाले. यहुदी मेन्युहिन यांनी त्या तबकडीत प्रास्ताविक केले आहे. त्या वेळी मी साताऱ्यात होते, आणि सरोद म्हणजे काय हे मला सांगणारे घरात कुणी नव्हते. आपल्या देशातले वाद्य ऐकायला मला सात समुद्र ओलांडावे लागले.

एका रात्री जेवताना सून म्हणाली, "आई, महाराष्ट्र मंडळाची बस नायगाऱ्याला जाते आहे, तीन दिवसांची. तुमचं नाव घातलंय. आम्हांला सुट्टी नाही, पण तुमच्या वयाच्या पुष्कळ जणी आहेत." मी वरण कालवत "बरं" म्हटले. आतून मात्र उकळत होते. तीन दिवसांची ब्याद टळली त्यांची! असली एकेक गाऱ्हाणी मी त्या दिवसांत मनाच्या वहीत टिपून ठेवीत असे. भारतात परतल्यावर बहिणीला वाचून दाखवण्यासाठी.

याच रागात दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. ढकलगाडीवर एक जपानी सिनेमा होता. यासुजिरो ओझू या दिग्दर्शकाचा, १९५३ सालचा, 'टोकियो स्टोरी'. वेष्टनावर चटईवर बसलेली म्हातारी माणसे दिसली, म्हणून उचलला. दुपारी पडदे ओढून बसले.

ओनोमिची गावातले एक वृद्ध जोडपे टोकियोत मुलांकडे येते. मुलगा डॉक्टर, मुलगी केस विंचरण्याचे दुकान चालवणारी. कुणी वाईट नाही. फक्त कुणाला वेळ नाही. कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवलेला. जणू आपणही त्यांच्या घरात बैठक मारून बसलो आहोत. मुले पैसे गोळा करून आईबापांना अतामीच्या गरम झऱ्यांवर धाडतात. मी सरसावून बसले. हाच माझा नायगारा! मला १९५४ सालचा राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' आठवला. म्हातारपणी मुलांनी आईबापांची ताटातूट केल्याची ती गोष्ट पाहताना साताऱ्याच्या थिएटरात माझी आई पदराने डोळे पुसत होती, आणि मी सोळा वर्षांची, तिच्या रडण्याला लाजत होते. आता रडायची पाळी माझी, असे म्हणून मी पदर हातात घेतलासुद्धा.

पण रडू आले ते भलत्याच जागी. अतामीच्या गोंगाटाला कंटाळून ते दोघे लवकर परततात, आणि दुकानातली मुलगी त्यांना विचारते, इतक्या लवकर का आलात? तिच्या घरी त्या रात्री पाहुणे यायचे असतात. आणि गिऱ्हाइकाने ही माणसे कोण म्हणून विचारल्यावर ती सांगते, गावाकडच्या ओळखीची आहेत.

मी तबकडी थांबवली.

१९७१ साली आई डोंबिवलीला माझ्याकडे आली होती. वडील नुकतेच गेले होते. लेकीच्या घरी राहू नये असे मानणारी ती, पण आली. दोन खोल्या, दोन मुले, लोकलची धावपळ. मी तिला आळीतल्या बायकांबरोबर चार दिवस नाशिक-त्र्यंबकला धाडले. तिला देवदर्शन होईल असे सगळ्यांना सांगितले. ती दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आली. त्या रात्री यांच्या ऑफिसातली मंडळी जेवायला यायची होती. मी दारातच म्हटले, "अगं, इतक्यात कशी आलीस?" ती म्हणाली, "गर्दी फार होती गं." आणि हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसली. साहेबांच्या बायकोने आत डोकावून विचारले, "बाई मिळाली वाटतं कामाला?" मी नुसती हसले. आईची लाटी पोळपाटावर क्षणभर थांबली, आणि पुन्हा फिरू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती साताऱ्याला गेली. त्यानंतर तिने मला पुष्कळ पत्रे लिहिली. राहायला मात्र ती कधी आली नाही.

चाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितले नव्हते, स्वतःलाही नव्हते. आणि ते मला कुणी सांगावे? तर ज्याने डोंबिवलीचे नावही ऐकले नसेल अशा एका जपान्याने, एका अनोळखी माणसाने आदल्या दिवशी परत केलेल्या तबकडीतून.

संध्याकाळी सून आली. बूट काढता काढता तिने विचारले, "आई, जेवलात ना दुपारी?" रोज विचारी. माझ्या वहीत तो प्रश्न कधी लिहिला गेला नव्हता. कार्ड देणे, मंडळात फोन करून माझ्या वयाच्या बायका किती आहेत याची चौकशी करणे, हेही तिथे कुठे नव्हते. मी तिला चहा करून दिला आणि विचारले, "नायगाऱ्याला थंडी असते का गं? शाल घेऊ?"

सिनेमा मी राहिलेला अर्धा दुसऱ्या दिवशी पाहिला आणि मुदतीच्या आत परत केला. वाचनालयाच्या भिंतीतल्या फटीत टाकताना आत तो टप्पकन पडला. उद्या ढकलगाडीवरून कुणी उचलील. त्याचे त्याला काय सापडायचे ते सापडेल.

नायगाऱ्याला गेले. धबधबा मोठा होता, गर्दीही फार होती. पण मी ठरलेल्या दिवशीच परत आले. एक दिवसही आधी नाही.