कुकडीकाठची मळगंगा

निघोजची मळगंगा ही पाण्याकाठची देवी. पारनेरसारख्या तालुक्यात हे सहज बोलून जाण्यासारखे नाही. हा पर्जन्यछायेतला मुलूख; सह्याद्री ओलांडताना पाऊस आपली बहुतेक झोळी पलीकडेच रिती करतो. चैत्रात विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि नेमक्या चैत्र वद्य अष्टमीच्या यात्रेला निघोजच्या बारवेभोवती माणसांची दाटी होते. बारवेतल्या पाण्यातून घागर आपोआप वर येते, अशी श्रद्धा आहे. मोहरांचा हंडा नव्हे, घागर! जिच्या लेकीबाळींनी पिढ्यान्‌पिढ्या डोईवर पाणी वाहिले, ती देवी दुसरी कसली खूण देणार? या तालुक्याचे सगळे मागणे मला त्या एका घागरीत दिसते.

गावापासून थोड्या अंतरावर कुंड आहे. जुन्नरच्या डोंगरात कुकडेश्वरापाशी उगम पावलेली कुकडी इथे काळ्या बेसाल्टमध्ये शिरते. अलीकडे निघोज, पलीकडे शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी, आणि दोन्ही काठांवर देवीची देवळे. खडकाच्या खाचेत गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगरत राहतात आणि खडकालाच कोरत जातात. हजारो वर्षे हे चालले आहे. त्यातून झाले रांजणखळगे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एखाद्यात डोकावून पाहावे. आतला दगड घोटल्यासारखा गुळगुळीत. तळाशी ज्यांनी हे काम केले ते गोटे, स्वतःही झिजून वाटोळे झालेले. शेजारच्या दोन खळग्यांमधली भिंत कुठे इतकी पातळ होते, की तिला आरपार भोक पडते.

जपानमध्ये एनोशिमा बेटावर समुद्राने कोरलेल्या गुहा आहेत, आणि तिथेही देवीचे ठाणे आहे. बेंझाइतेन तिचे नाव. ती मूळची आपली सरस्वती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेली. पाच तोंडांच्या ड्रॅगनपासून तिने तिथल्या लोकांना सोडवले, असे सांगतात. जिथे पाणी दगडालाही जुमानत नाही, तिथेच माणसाने आईला बसवले. हे मला फार शहाणपणाचे वाटते. आईसमोर पाय आपोआप जपून पडतो.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात कुकडी भरून वाहते, खडक निसरडा होतो. फोटोसाठी कडेला उतरू नका, झुलत्या पुलावरूनच हात जोडा. आणि ओटी, नारळ ज्या पिशवीतून न्याल, ती पिशवी घरी परत आणा.