बॉयलर जुना, इंजिन नवे: रेडिंगच्या टी-१ ची कथा

१/ गेल्या वर्षी आम्ही गावचे घर उतरवले. त्यातल्या सागवानी तुळया मी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकून टाकल्या. नवे घर बांधायचे तर सारे नवेच हवे, हा माझा हट्ट. वडील वाद घालत बसले नाहीत. एका तुळईवर हात फिरवून एवढेच म्हणाले, "हिच्यातून अजून दोन घरं निघाली असती." त्या वाक्याचा अर्थ मला उमगला तो पुढे, अमेरिकेतील एका वाफेच्या इंजिनाचा इतिहास वाचताना. आजचा धागा त्याच इंजिनाविषयी.

२/ रेडिंग ही पेनसिल्व्हेनियातील रेल्वे कंपनी. तिची भरभराट झाली ती अँथ्रासाइट या कठीण दगडी कोळशावर. खाणीत उरणारा बारीक कोळसा स्वस्त पडे, पण तो मंद जळे. पुरेशी वाफ हवी तर तो मोठ्या जाळीवर पसरून जाळावा लागे. म्हणून याच कंपनीच्या जॉन वूटन यांनी १८७७ मध्ये रुंद फायरबॉक्सची रचना पुढे आणली. रेडिंगच्या इंजिनांचा रुंद बांधा तेथून आला.

३/ १९२३ ते १९२५ या काळात बाल्डविन कारखान्याने रेडिंगसाठी आय-१० वर्गाची मालवाहू इंजिने बांधली. त्यांची चाकरचना २-८-० होती. म्हणजे पुढे दोन लहान चाके, मध्ये गाडी ओढणारी आठ आणि मागे एकही नाही. ओढणाऱ्या चाकांचा व्यास सुमारे ६१ इंच. लहान चाकाचे इंजिन जड गाडी ओढते, पण धावते हळू. बॉयलर मात्र या रचनेच्या मानाने अवाढव्य होता.

४/ मग दुसरे महायुद्ध आले. मालाची वाहतूक अतोनात वाढली आणि जड गाड्या वेगाने नेणारी इंजिने हवी झाली. पण पोलाद युद्धाकडे वळले होते आणि कोणत्या कारखान्याने कोणती इंजिने बांधावीत, यावर सरकारी नियंत्रण होते. अशा वेळी रेडिंगने आपल्याच वीस वर्षे जुन्या इंजिनांकडे पाहिले.

५/ १९४५ ते १९४७ दरम्यान रेडिंग शहरातील कंपनीच्या कार्यशाळेत ३० आय-१० इंजिने उलगडली गेली. बॉयलर ठेवला आणि पुढच्या बाजूस नवा भाग जोडून तो लांब केला. त्याखाली नवी ओतीव पोलादी चौकट आली. ओढणारी चाके ७० इंचांची झाली. पुढे चार आणि मागे चार आधारचाके बसली. मागच्या चाकांनी फायरबॉक्सचा भार पेलला. २-८-० चे ४-८-४ झाले. या नव्या वर्गाचे नाव टी-१, क्रमांक २१०० ते २१२९, आणि एकेका इंजिनाचे वजन सुमारे २०० टन.

६/ याला दुरुस्ती म्हणावे की नवनिर्मिती? मला वाटते, उत्तर त्या बॉयलरमध्ये आहे. १९२० च्या दशकातील कारागिरांनी तो सढळ हाताने घडवला नसता, तर वीस वर्षांनी त्यावर नवे इंजिन उभे राहिलेच नसते. पहिल्या घडणीत जे राखून ठेवलेले असते, तेच पुढे उपयोगी पडते.

७/ आता कटू भाग. त्याच वर्षांत डिझेल इंजिने रुळांवर येत होती. त्यांना कमी माणसे व कमी देखभाल लागे. १९५० च्या दशकातच टी-१ ची नित्याची सेवा संपली आणि बहुतेक इंजिने भंगारात गेली. एवढी मेहनत, आणि पुरे एक तपही कामी आली नाही.

८/ तरी चार वाचली: २१००, २१०१, २१०२ आणि २१२४. १९५९ ते १९६४ या काळात हौशी प्रवाशांसाठी काढलेल्या 'आयर्न हॉर्स रॅम्बल' सहली याच वर्गाच्या इंजिनांनी ओढल्या. २१०१ भंगाराच्या आवारात पडून होते. १९७५ मध्ये साधारण तीस दिवसांत ते पुन्हा उभे केले गेले आणि त्याने अमेरिकन फ्रीडम ट्रेन ओढली. १९७९ मध्ये आगीत त्याची हानी झाली. आज ते बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे. २१२४ स्क्रँटनच्या स्टीमटाउनमध्ये उभे आहे. आणि २१०२ दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ पासून पेनसिल्व्हेनियात पुन्हा प्रवासी ओढू लागले.

९/ म्हणजे बाल्डविनच्या कामगारांनी मालगाडीसाठी घडवलेला तो बॉयलर शतकाच्या उंबरठ्यावरही वाफ देत होता. मधल्या काळात चौकट बदलली, चाके बदलली, काम बदलले, मालकही बदलले.

१०/ आमचे नवे घर चांगले झाले आहे. भिंती सरळ आहेत, गळती नाही. पण आमच्या तुळया आता कुणाच्या छपराखाली आहेत, ते मला ठाऊक नाही. मित्रांनो, जुने ते सारेच जपावे, असे मी म्हणणार नाही. रेडिंगनेही चौकट आणि चाके टाकलीच. मात्र टाकण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक भाग तपासला. मी तेवढेही केले नाही.