नावामागची रिकामी जागा

परीक्षेचा फॉर्म आठवा. आडनावासाठी २० चौकटी, एका चौकटीत एक अक्षर. शेख हे आडनाव इंग्रजीत लिहिलं की ६ चौकटी भरतात, १४ रिकाम्या राहतात. आपण त्या तशाच सोडतो. डेटाबेस सोडत नाही. ठरावीक लांबीच्या रकान्याला तिथे 'कॅर' म्हणतात. त्यात उरलेल्या १४ जागी स्पेस भरल्या जातात. 'व्हारकॅर' रकान्यात मात्र जेवढं लिहिलं तेवढंच राहतं.

मग स्पेस जोडलेला शेख आणि नुसता शेख एकच का? पोस्टग्रेस कॅर रकान्यांची तुलना करताना शेवटच्या स्पेस धरत नाही. मायएसक्यूएल एरवी कॅरमधला मजकूर परत देताना त्या कापूनच देतो. ओरॅकलमध्ये दोन्ही बाजू कॅर असतील तर नावं जुळतात. एक बाजू व्हारकॅर-२ असली की स्पेसही अक्षरासारखी मोजली जाते आणि शेख शेखला ओळखत नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती 'नाव जुळत नाही' म्हणून अडली होती. दोन्ही कागदांवर अक्षराचाही फरक नव्हता. तिचे अब्बा मला म्हणाले, "सर, आमच्या नावातच काही खोट आहे का?" पुढे कळलं, एका यादीत आडनावामागे स्पेस होत्या, दुसरीत नव्हत्या.

त्यांचा प्रश्न मला अजून टोचतो. शेख-शैख, मोहम्मद-मुहंमद अशी आपली नावं कागदोपत्री आधीच चार तऱ्हांनी लिहिलेली असतात. त्यामुळे खिडकीवरून 'जुळत नाही' ऐकलं की माणूस चूक आपलीच समजतो आणि प्रतिज्ञापत्र करायला धावतो.

उर्दूचा कातिब ओळ भरण्यासाठी अक्षर ताणतो, त्याला कशीदा म्हणतात. वाचणारा त्यामुळे शब्द बदलला असं मानत नाही. ती लांबी ओळीची गरज असते. कॅरमधल्या स्पेसचंही तसंच आहे. त्या रकान्याच्या आहेत, नावाच्या नाहीत.

उपाय साधा आहे. आयएफएससी कोड नेहमी ११ अक्षरांचा, त्याला कॅर शोभतो. नावं कमी-जास्त लांबीची, ती व्हारकॅरमध्ये ठेवावीत. पण टाइप करताना चुकून पडलेली स्पेस तिथेही टिकते, म्हणून यादी जुळवण्याआधी 'ट्रिम' करून घ्यावं.

आणि पालकांनी प्रतिज्ञापत्रावर पैसे घालण्याआधी एवढंच विचारावं: नेमकं कोणतं अक्षर जुळत नाही, ते दाखवा.